आडनावाला चिकटलेला भुंगेरा

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझं पीएच.डी.चं काम सुरू होतं आणि विषय होता शेणात राहणारे भुंगेरे. स्थळ पाहताना हे कुणी खोलात जाऊन विचारलं नव्हतं. मुलगी प्राणिशास्त्रात आहे, कॉलेजात शिकवते, एवढ्यावर सगळ्यांचं भागलं. सासरचं घराणं मूळचं पौरोहित्य करणारं. सासरे जिल्हा कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं, बोलणं मोजकं. सिडकोतल्या त्या घरात पहिल्याच महिन्यात मी एकदा पिशवीतून शेण आणलं, मागच्या ओट्यावर बादलीत कालवलं आणि वर तरंगून आलेले भुंगेरे चिमट्यानं वेचत बसले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ती बादली पुन्हा घरात आली नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणींनी विचारलं, "सूनबाई कशावर अभ्यास करतात?" मी उत्तर द्यायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "फुलपाखरांवर." बायका म्हणाल्या, किती छान. मी मान खाली घालून तिळगुळाचं ताट पुढं केलं. खरं सांगायचं तर मला त्या खोट्याचा आधारच वाटला. इतका वाटला की त्याचीच नंतर लाज वाटत राहिली.

मग लागोपाठ पावसाळे कोरडे गेले. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एखाद्या दिवशी पाणी यायचं. गच्चीवर, मोरीत, जिन्याखाली, जिथं जागा तिथं ड्रम भरून ठेवलेले. अशा घरात शेण धुवायला पाणी मागायची सोयच नव्हती. ते काम मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं, आणि तिथल्या शिपायाचीही नजर चुकवायला शिकले. नेहमीच्या फिरण्याच्या जागांवर जनावरंच दिसेनाशी झाली होती. हर्सूलच्या तलावाकडे चरणाऱ्या म्हशी गेल्या, पडेगावाकडच्या माळावर पाट्या लागून प्लॉट पडले. भुंगेरे मिळणार कुठून?

तेवढ्यात कळलं, दौलताबादच्या पुढं एका माळावर जनावरांची छावणी उघडली आहे. आसपासच्या तालुक्यांतून लोक गुरं घेऊन तिथं येऊन राहिले होते. ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की म्हणजे तिथं शेण असणार.

स्कूटी घेऊन सकाळीच गेले. किल्ला उजवीकडे ठेवून कच्चा रस्ता माळावर चढत होता. गोणपाटांची, साड्यांची, हिरव्या जाळीची सावली करून त्याखाली जनावरं बांधलेली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. माणसं तिथंच चुली मांडून राहत होती. उन्हाळ्यात हे भुंगेरे जमिनीत खोल दडून बसतात, पण इथं हौदाभोवती पाणी सांडून जमिनीनं ओल धरली होती, आणि तिथल्या शेणाचे पो उलटले तर खाली जिवंत हालचाल होती. मी हातमोजे घातले, उकिडवी बसले आणि कामाला लागले.

थोड्याच वेळात छावणी चालवणारा माणूस स्वतः खुर्ची घेऊन आला. मागून चहा.

"मॅडम, वरून आलात का? फोन केला असता तर रस्त्याला माणूस पाठवला असता. जनावरांचा आकडा बरोबर आहे बघा आपला. शेण मोजायची काही गरज नाही."

शेणावरून जनावरं मोजायला आलेली अधिकारी, असं त्याला वाटलं होतं. मी खुलासा करणार तोवर माणसं गोळा झाली. त्यांच्यात पन्नाशीची एक बाई होती, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तिनं तो सोडला आणि सरळ बोलायला लागली.

"लिवून घ्या मॅडम. परवाधरनं उसाचं वाडं आलं नाय. येतंय ते बी वाळकं. टँकर दुपारच्याला येतो, तवर जनावरं जिभा काढून बसत्यात. एवढं वर सांगा."

बाकीचेही बोलू लागले. पेंड कुणाला मिळते, कुणाला नाही. मी हातात चिमटा धरून ऐकत होते. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू माझ्या एका शब्दानं चाऱ्याची गाडी निघणार आहे. तिथून उठून पळून जावं असं वाटलं. शेवटी म्हणाले, "मावशी, मी सरकारी नाही हो. कॉलेजात शिकवते. शेणातले किडे बघायला आलेय."

"काय म्हनल्या?" मागून कुणी तरी विचारलं.

"किडे," पुढच्यानं सांगितलं. तो शब्द मागं मागं जाताना मला ऐकू येत होता. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "ढोरं उपाशी मरायलीत, अन् ह्यान्ला किड्यायची पडली." माझ्याकडे बघूनही नाही. माणसं पांगली. छावणीवाला मात्र एकदम सैल झाला. "मग बसा की निवांत, चहा घ्या," म्हणाला. तो चहा मला नाही म्हणता येईना.

ती बाई तेवढी तिथंच उभी होती. माझ्या बाटल्यांकडे बघून म्हणाली, "बघा मग. शेणाला कोण नाय म्हनतंय?"

तिची जनावरं म्हणजे दोन बैल आणि एक तांबडी गाय. घर गंगापूर तालुक्यात. नवरा गावाकडे घर राखायला, मुलगा वाळूजला कारखान्यात कंत्राटावर, मुलगी लग्नाची. हे सगळं तिनं पुढच्या फेऱ्यांमध्ये आपण होऊन सांगितलं. मी गेले की ती आपल्या दावणीजवळची जागा दाखवायची, "हितं बसा, सावली हाय." मी तिच्यासाठी एकदा केळी नेली. ती तिनं सोलून गाईला चारली.

त्या माळावर मला एक बारका भुंगेरा मिळाला. तांबूस काळा, तुरीच्या दाण्याहून लहान, पाठीवर विरळ खड्डे आणि नराच्या डोक्यावर दोन नुसती टेंगळं. इंग्रजांच्या काळातलं एक जाडजूड पुस्तक आमच्याकडे होतं. त्यात एकेक लक्षण पडताळत पुढं जायचं असतं: पाय असे असतील तर या पानावर, तसे असतील तर त्या. मी दर वेळी अशा ठिकाणी येऊन अडकायची जिथं दोन्ही उत्तरं चुकीची ठरायची.

माझ्या मार्गदर्शक सरांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं.

"खुजा नर आहे," ते म्हणाले. "अळी असताना पोटभर मिळालं नाही की शिंगं येत नाहीत. साधीच जात असेल एखादी. दुष्काळ त्यांनाही आहे."

"पण सर, पाठीवरचे खड्डे वेगळे आहेत."

"तेवढ्यावर नवी जात म्हणाल तर लोक हसतील. शिंगावर जाऊ नका, अंगावर जाऊ नका. उपासमारीनं ते सगळं बदलतं. आत बघा. ते बदलत नाही."

आत म्हणजे नराचं जननेंद्रिय. सारख्या दिसणाऱ्या दोन जाती वेगळ्या आहेत की नाहीत, हे शेवटी तिथंच ठरतं. वर्गात शिकवताना मी इंग्रजी शब्द वापरून सुटायची, त्या शब्दाला आपल्याकडे लाज नाही. प्रयोगशाळेत मात्र दिवसचे दिवस तेच काम होतं: केसाएवढ्या सुईनं ते बाहेर काढायचं, स्वच्छ करायचं आणि भिंगाखाली बघत कागदावर काढायचं. कुणी आत आलं की मी चित्रावर रुमाल टाकायची. एकदा इतिहासाचे सर आले, म्हणाले, "वा, हे कुठल्या लेण्यातलं शिल्प?" मी चित्रावर रुमाल ओढला.

ते अंग खरोखरच वेगळं निघालं. टोकाला विळ्यासारखं आत वळलेलं. जवळच्या कुठल्याच जातीत तसं नव्हतं. सर या वेळी हसले नाहीत. "आता पूर्ण वाढीचा नर आणा," म्हणाले, "धडधाकट, शिंगं असलेला. त्याशिवाय वर्णन पुरं होणार नाही."

तो नर शोधत मी उन्हाळाभर छावणीत गेले. सगळे खुजेच निघत. उपाशी गुरांच्या शेणात पोटभर खाऊन वाढलेला भुंगेरा मिळावा, ही माझी अपेक्षा किती विचित्र आहे हे मला कळत होतं, तरी मी जात होते.

एके सकाळी पोहोचले तर त्या बाईच्या दावणीजवळ गर्दी होती. तांबडी गाय बसली होती आणि उठत नव्हती. डॉक्टर येऊन सलाईन लावून गेला होता. पुरुष मंडळींनी पोटाखालून पोत्यांची पट्टी घातली, दोन्हीकडून धरली. "उचला, उचला, शेपटीकडनं धरा." गाय वर आली, पाय थरथरले आणि पुन्हा बसली. ती बाई गाईच्या तोंडाशी बसून तिच्या कानामागं हात फिरवत होती. मी काय करणार? शेपटीकडे जागा होती तिथं जाऊन हात लावला. पुन्हा उचलली, पुन्हा बसली. सगळे दम खायला थांबले. मीही तिथंच खाली टेकले.

गाईनं बसल्या जागी शेण टाकलेलं होतं, आदल्या दिवशीचं असेल. त्याच्या कडेला माती उकरलेली दिसली. माझा हात आपोआप गेला. काडीनं ढेकूळ बाजूला केलं आणि तो बाहेर आला. तांबूस, टपोरा, आणि डोक्यावर दोन पूर्ण शिंगं, मागं वळून टोकाशी जवळ आलेली, खिलारी बैलासारखी. पाठीवर तेच विरळ खड्डे. मी त्याला तळहातावर घेतलं आणि मला हसू आलं. कसं आवरणार? एवढे महिने ज्याच्यासाठी घातले तो माझ्या हातावर चालत होता.

वर बघितलं तर ती बाई माझ्याकडे पाहत होती. गाईच्या मानेवर हात, डोळे रडून लाल. माझं हसू तिनं पुरतं पाहिलं होतं.

"घावलं का?" तिनं विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. मी मान हलवली आणि मूठ मिटली.

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि पुन्हा गाईकडे वळली.

पुरुष उठले. मी भुंगेरा बाटलीत टाकून परत शेपटीकडे गेले. या वेळी गाय उभी राहिली. चारही पाय फाकवून, डुलत, पण उभी राहिली. दुपारपर्यंत लोकांनी तिला आधार देऊन ठेवलं. मी घरी आले तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "काय झालं, नाही मिळाला?" मिळाला, असं सांगताना मला रडू आलं. त्याला वाटलं आनंदानं.

पाऊस आला, छावणी उठली. पुण्याच्या एका संग्रहालयात जाऊन सरांनी आणि मी जुने नमुने शेजारी ठेवून पाहिले. शंका उरली नाही. जात नवी होती. नाव द्यायची पाळी आली तेव्हा सर म्हणाले, तुम्ही ठरवा. माझ्या मनात एकच नाव होतं. पण विचारल्याशिवाय द्यायचं नाही असं ठरवून मी एका रविवारी गंगापूरची एसटी धरली, पुढं रिक्षानं तिच्या गावी गेले.

तिनं लगेच ओळखलं. गाय गोठ्यात होती. चहा झाला, मुलीनं पोहे केले. मग मी समजावून सांगितलं की नव्या किड्याला नाव द्यायचं असतं, ते जगभर कायम राहतं, आणि मला तिचं नाव द्यायचंय. ती ऐकत गेली तशी तिचा चेहरा उतरत गेला.

"शेणातल्या किड्याला माजं नाव?"

"मानाचं असतं मावशी ते. मोठमोठ्या लोकांची देतात."

"तुमच्यात असंल. हितं कळलं तर लोकं काय म्हनतील? पोरीचं लगीन व्हायचंय अजून." मग मला वाईट वाटेल असं वाटून तिनं हात धरला. "रागवू नका. तुमी लई जीव लावून आलाव. पन नको."

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. केवढा मान देतेय असं समजून गेले होते मी. माझ्या घरात जो किडा लपवून ठेवला जात होता तो तिच्या दारात ओवाळणीसारखा घेऊन गेले होते. किड्याला शेवटी त्याच्या शिंगांवरून नाव दिलं. त्यात कुणाला काही म्हणायला जागा नव्हती.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. शास्त्रीय नावापुढं वर्णन करणाऱ्याचं आडनाव लिहितात. म्हणजे भुंगेऱ्याच्या नावाला माझं, म्हणजे सासरचं, आडनाव कायमचं चिकटलं. घरी मी हे सांगितलं नाही. एका दैनिकानं सांगितलं. शहराच्या पानावर फोटोसह बातमी आली, आणि मथळ्यात शेण, किडा आणि आमचं आडनाव एका ओळीत होतं.

सासूबाईंनी तो पेपर घडी घालून धान्याच्या डब्यावर ठेवला. सासरे संध्याकाळी नेहमीप्रमाणे बागेत गेले आणि लवकर परत आले. दुसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. तिथं बाकावर बसणारे त्यांचे जुने सोबती त्यांना "या, शेणकिडे साहेब" म्हणाले होते. हे मला नवऱ्याकडून कळलं. ज्या माणसानं आयुष्यभर फाइलींवर काना-मात्रेची चूक होऊ दिली नाही, त्याला उतारवयात हे नाव मिळालं, माझ्यामुळं. मी त्यांच्यासमोर जेवायचं ताट ठेवतानाही वर बघत नसे.

काही दिवसांनी त्यांनीच हाक मारली. समोर माझा प्रसिद्ध झालेला निबंध, हातात भिंग.

"बस. हे मला समजावून सांग."

"बाबा, कशाला त्रास..."

"लोक विचारतात. मला जवाब देता आला पाहिजे."

मी सांगत गेले. ते कचेरीतल्या दरख्वास्तीसारखं ओळ न् ओळ वाचत होते, अडलं की विचारत होते. एका पानावर थांबले.

"हे चित्र कशाचं?"

माझे कान तापले. सासूबाई पलीकडे भाजी निवडत होत्या, त्यांचाही हात थांबला. मी टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "नराचं... ते अंग आहे. उपासमारीनं बाकी शरीर बदलतं. हे बदलत नाही. म्हणून यावरून ओळखतात."

सासऱ्यांनी भिंग चित्रावर धरलं, मग पान उलटलं.

"आणि आडनाव असं का छापलंय? इंग्रजीत आपण शेवटी ए लावतो. पासबुकावर आहे."

"चुकलं माझं. कॉलेजात तसंच लिहितात."

"दुरुस्त होईल?"

"नाही होणार."

त्यांनी मान डोलावली. त्या संध्याकाळी ते बागेत गेले. तिथं त्यांनी सगळं सांगितलं, ते चित्र कशाचं होतं हेसुद्धा, निवृत्त मंडळींच्या बाकावर, खणखणीत आवाजात. त्यातल्या एकाची सून माझी सहकारी होती. सोमवारी स्टाफरूममध्ये ती माझ्याकडे बघून ओठ चावत होती आणि मी पुस्तकात तोंड खुपसून बसले होते. बागेतली चेष्टा मात्र त्या दिवसापासून बंद झाली.

आता शहराचं नाव बदललं. निबंधात आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर जुनंच आहे, तिथं बदलता येत नाही. मी विद्यार्थ्यांना घेऊन दर पावसाळ्यात त्या माळाकडे जाते. अर्ध्या माळावर आता बंगल्यांची वसाहत आहे, उरलेल्या भागात तारेचं कुंपण आणि पाट्या. बाजूच्या शिवारात, गोठ्यांजवळ शोधतो. आमचा भुंगेरा पुन्हा मिळालेला नाही. तो मुळात त्या माळावरचा, की एवढी जनावरं एका जागी आली म्हणून कुठून कुठून उडत आलेला, हेही सांगता येत नाही. विद्यार्थी विचारतात, "मॅडम, पहिला पूर्ण नर सापडला तेव्हा काय वाटलं?" मी म्हणते, बरं वाटलं, आणि त्यांना पुढचा पो उलटायला सांगते.